आसमानगढ आणि काकांचा कॅमेरा

दिलसुखनगरच्या माणसाला तुम्ही विचारलेत की तुमच्या भागात पाहण्यासारखे काय आहे, तर तो साईबाबांचे देऊळ सांगेल, कापडाची दुकाने सांगेल, फार तर सरूरनगरचा तलाव सांगेल. पण जवळच्याच टेकडीवर करड्या दगडाचा एक विलायती किल्ला उभा आहे, हे काही त्याच्या तोंडून यायचे नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मेट्रोने मूसारामबाग स्थानकाजवळून जाताना टीव्हीचा मनोरा तेवढा दिसतो, आणि लोकही त्या जागेला ‘टीव्ही टॉवर’ म्हणूनच ओळखतात. त्या मनोऱ्याच्या शेजारी आसमानगढ आहे, आणि त्याच्या एका छायाचित्राची हकीकत मला सांगायची आहे. छायाचित्र माझ्या काकांनी 1964 साली काढले. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि माझ्याकडे काळे फडके धरण्याचे काम होते.

आधी वास्तूविषयी थोडे सांगतो. पायगा हा शब्द जुन्या हैदराबाद राज्यातील वाचकांना नवा नाही. पायगेची गावे आपल्या मराठवाड्यातही होती. त्या पायगा घराण्यातले नवाब सर आसमान जाह यांनी 1885 साली हा वाडा बांधला. पुढे ते सहाव्या निजामाचे, म्हणजे मीर महबूब अली खानांचे, दिवाण झाले. वाडा राहण्यासाठी नव्हता. हवा खायला, चार पाहुण्यांना घेऊन विसावायला होता. आसमान जाहांचा गढ म्हणून आसमानगढ, आणि टेकडीवर आभाळाला टेकलेला म्हणूनही आसमानगढ. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे.

मात्र त्याचे रूप दख्खनचे नाही. कंगोऱ्यांचे कठडे, गोल बुरूज, टोकदार कमानींच्या खिडक्या, सगळे युरोपातल्या मध्ययुगीन गढीसारखे. तिकडे अठराव्या शतकापासून जुने रूप नव्याने बांधण्याची हौस सुरू झाली होती. होरेस वॉलपोल नावाच्या लेखकाने लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल नावाचे घर असेच गॉथिक थाटात सजवले. पुढे 1834 च्या आगीत इंग्लंडचे पार्लमेंट जळाले, तेव्हा तेही गॉथिक रूपातच पुन्हा उभे राहिले. मुंबईकरांना राजाबाई टॉवर ठाऊक आहे. तोही त्याच गोत्रातला, 1878 चा. आपल्या संस्थानिकांनी या हौशीत देशी मसाला पुष्कळ घातला. बडोद्याचा लक्ष्मीविलास पाहा, कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहा. घुमट, छत्र्या, झरोके यांची विलायती नकाशाशी सोयरीक जुळवलेली दिसते. आसमानगढात ती सोयरीक नाही. तिथे सरळसरळ परदेशी स्वप्न आहे, पण ते हैदराबादच्या ग्रॅनाइटमध्ये घडवलेले. हा दगड इतका कठीण की त्याच्यावर नाजूक नक्षी चालत नाही. त्यामुळे वाड्याला आपोआप एक दांडगेपणा आला आहे, आणि मला तर तोच आवडतो.

त्याच टेकडीवर मोशे रेमंड या फ्रेंच सरदाराची कबर आहे. तो निजामाच्या फौजेत होता आणि 1798 साली वारला. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत, हिंदू मूसा राम म्हणत. मूसारामबाग हे नाव तिथूनच आले. परक्या माणसाला आपले नाव देऊन ठेवून घ्यायची ही हैदराबादची जुनी खोड आहे.

आता काकांकडे वळतो.

काका बांधकाम खात्यात नकाशे काढत. ड्राफ्ट्समनचा जीव, कागदावर रेघ वाकडी गेलेली त्यांना सोसत नसे. त्यांनी सिकंदराबादेहून एक जुना लाकडी कॅमेरा विकत आणला होता. पितळी कोपऱ्यांचा, चामड्याच्या भात्याचा, तीन पायांच्या स्टँडवर उभा राहणारा. मागे दुधी काच. काळ्या फडक्यात डोके घातले की त्या काचेवर जग उलटे दिसायचे. जमीन वर, आभाळ खाली. मला एकदा पाहू दिले होते. वाड्याचे बुरूज खाली लोंबत होते आणि एक गाय आभाळात चरत होती. मी हसलो, तर काका म्हणाले, “हसू नकोस, काच हलते.”

उंच वास्तूचे छायाचित्र काढणे ही साधी गोष्ट नाही. हातातला कॅमेरा वर उचलून टिपले की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि मनोरे मागे कलंडल्यासारखे दिसतात. डोळ्याला ते प्रत्यक्षात जाणवत नाही, कारण मन ते सरळ करून घेते. काच बिचारी मन कोठून आणणार? त्यावर उपाय म्हणजे कॅमेरा अगदी उभा ठेवायचा, आणि पुढची भिंगाची फळी तेवढी वर सरकवायची. मग काच भिंतीशी समांतर राहते आणि उभ्या रेघा उभ्याच राहतात. काकांनी यासाठी गवंड्याचा ओळंबा कॅमेऱ्याच्या बाजूला टांगलेला असे. तो स्थिर होईपर्यंत ते श्वाससुद्धा जपून घेत.

दुसरी अडचण उजेडाची. चुन्याच्या गिलाव्याची पांढरी इमारत उजेड परत फेकते. ग्रॅनाइट तो गिळून टाकते. दुपारी बारा वाजता आसमानगढ म्हणजे नुसता काळपट ढीग. सकाळचे तिरपे ऊन भिंतीला घासून गेले तरच दगडाचा खडबडीतपणा उठतो, कमानीची खोली कळते. ते ऊन पाऊण तास टिकते, आणि हिवाळ्यातच ते खरे स्वच्छ असते.

काकांचे दैवत राजा दीनदयाळ. लाला दीनदयाळ मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे. 1844 चा जन्म. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून 1866 साली ते इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, आणि कॅमेरा त्यांच्या हाती आला तो नोकरीत असतानाच. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची छायाचित्रे काढीत ते फिरले. पुढे हैदराबादला येऊन सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ ही पदवी त्यांना निजामानेच दिली. 1905 साली ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. “ड्राफ्ट्समन होते म्हणून त्यांच्या भिंती सरळ,” असे काका म्हणत, आणि म्हणताना आवाजात थोडा स्वतःचाही अभिमान असे.

दीनदयाळांनी याच आसमान जाहांचा दुसरा वाडा टिपला आहे, बशीरबाग. तो शहरात होता. हंड्या-झुंबरे, कोच, आरसे, गालिचे यांनी खचाखच भरलेला त्याचा दिवाणखाना 1892 च्या सुमारास त्यांच्या एका संग्रहात आला. आज बशीरबाग ही वस्ती आहे, चौक आहे, उड्डाणपूल आहे, वाडा नाही. हंडी नाही, आरसा नाही, उंबरठासुद्धा नाही. आहे ती दीनदयाळांची काच. वास्तूचे छायाचित्र काढणाऱ्याला ही गोष्ट कायम टोचत राहते. आपण टिपतो ती इमारत आपल्यापेक्षा जास्त टिकेल, हे गृहीत धरूनच आपण चालतो.

दीनदयाळांच्या पुष्कळ वास्तुचित्रांत आणखी एक गोष्ट दिसते. खांबापाशी, पायरीवर, कमानीखाली कोणीतरी माणूस उभा असतो. कधी पागोटेवाला शिपाई, कधी नुसता वाटसरू. त्या काळच्या पाहणीखात्याचीच ती रीत होती. माणूस किती उंच ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याच्यावरून खांब मोजता येतो. काका एकदा पुस्तकातले चित्र दाखवीत मला म्हणाले, “हा माणूस म्हणजे फूटपट्टी.” आणि लगेच पुढे म्हणाले, “पण आसमानगढाला नको. पायऱ्या आहेत ना. पायरीवरून माप कळते.”

तर ती 1964 ची जानेवारीतली सकाळ. दिलसुखनगरात तेव्हा वस्ती विरळ होती. आमच्या मागे शेत, शेतापुढे बाभळी, बाभळींपुढे एकावर एक ठेवल्यासारखे हैदराबादी धोंडे, आणि त्यांच्यावर टेकडी. आम्ही तिघे निघालो. काका, मी, आणि काकू. काकू येणार नव्हती. पण काका उपाशी जातील म्हणून पितळी डब्यात दशम्या आणि शेंगांची चटणी घेऊन ती निघाली. काकांजवळ दोन काचा होत्या. महागाईमुळे त्याहून जास्त घेत नसत.

टेकडीच्या उतारावर जागा ठरली. स्टँड उभा राहिला, ओळंबा टांगला गेला. समोर एक बुटकी, पडकी दगडी भिंत होती. काकू तिच्यावर डबा ठेवून पदर सावरत उभी राहिली, वाड्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. ऊन तिच्या एका गालावर होते. हे मला इतके स्पष्ट कसे आठवते, याचे कारण पुढे येईल.

फडक्याच्या आतून काकांचा आवाज आला. “तू जरा बाजूला हो.”

“कुठे होऊ?”

“चौकटीबाहेर.”

“अहो, मला काय ठाऊक तुमची चौकट कुठे संपते?”

काकांनी फडक्यातून हात काढून डावीकडे हलवला. काकू डावीकडे सरकत गेली, एका धोंड्याआड बसली. मग शाळेला निघालेली दोन पोरे आली, त्यांना थांबवले. एक म्हातारा मोळी घेऊन चालला होता, तो जाईपर्यंत वाट पाहिली. ऊन पुढे सरकत होते. सगळी माणसे निघून गेल्यावर, वाड्यापुढे चिटपाखरू उरले नाही तेव्हा, काकांनी भिंगावरचे झाकण काढले, मनात आकडे मोजले आणि झाकण लावले. दुसरी काचही तशीच. मग आम्ही दशम्या खाल्ल्या.

रात्री न्हाणीघरात काचा धुतल्या. सकाळी काका खूष आणि नाराज दोन्ही होते. भिंती सरळ आल्या होत्या, दगड दाणेदार आला होता, आभाळ स्वच्छ होते. पण दोन्ही काचांवर खालच्या कोपऱ्यात, पडक्या भिंतीवर, काकूचा डबा राहिला होता. उलट्या चित्रात तो वर होता, म्हणून ध्यानात आला नाही. काका दोन दिवस चुटपुटत होते. काकू म्हणाली, “राहू द्या हो. वाड्याला तेवढीच शिदोरी.” पण काकांनी राहू दिला नाही. छापताना तेवढी पट्टी कापली. घरात लागलेल्या मोठ्या प्रिंटमध्ये वाडा आहे, पायऱ्या आहेत, भिंतीची एक कड आहे. डबा नाही.

काकू 1971 साली गेली. थोड्याच दिवसांच्या तापात गेली. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा होता. काकांच्या पेटीत शंभरावर काचा होत्या. चारमिनार होता, मक्का मशीद होती, गोवळकोंड्याचे दरवाजे, कुतुबशाही कबरी, उस्मानिया विद्यापीठाची कमान. काकूचा एकही नव्हता. ज्या घरात कॅमेरा होता त्या घरातल्या बाईचा फोटो नाही, असे पाहुण्यांना सांगताना आम्हा सगळ्यांची मान खाली गेली. शेवटी कोणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला. त्यातला तिचा चेहरा, करंगळीच्या नखाएवढा, एका स्टुडिओतून मोठा करून आणला. नाक-डोळे सगळे फुटले होते. हार घातल्यावर त्यातला बराच भाग झाकला गेला, ते बरेच झाले.

काका त्याबद्दल कधी एक शब्दही बोलले नाहीत. मी हे लिहितो आहे ते त्यांच्या काचांवरून लिहितो आहे. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. प्रत्येक काचेच्या पाकिटावर तारीख, वेळ, भिंगाचे छिद्र, सेकंद, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. मी त्या वर्षांप्रमाणे लावल्या. 1971 पर्यंत एकाही काचेवर माणूस नाही. नंतर मध्ये दोन वर्षे काचच नाही. आणि 1973 पासून पुढे एकही काच माणसावाचून नाही.

या दुसऱ्या ढिगातल्या सर्वांत चांगल्या काचा रेसिडेन्सीच्या आहेत. सुलतान बाजारात, विवेकवर्धिनीच्या परिसरात वाढलेल्या आपल्या मराठी मंडळींना ही वास्तू सांगायला नको. ‘कोठी’ हे नावच तिच्यावरून पडले. ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती बांधवली. नकाशा मद्रासच्या लष्करी इंजिनिअरांपैकी सॅम्युएल रसेल याचा. हीही एक पुनरुज्जीवित वास्तूच, पण गॉथिक नव्हे. इटलीच्या पॅलाडिओने प्राचीन रोमवरून घेतलेले, इंग्रजांनी त्याच्यावरून घेतलेले, आणि मुसी नदीच्या काठी येऊन उतरलेले असे ते रूप. पुढे उंच कोरिंथियन खांबांची ओसरी, रुंद पायऱ्या, पायऱ्यांशी दोन सिंह. रेमंड वारला त्याच साली कर्कपॅट्रिकने त्याची फ्रेंच पलटण निःशस्त्र केली होती; म्हणजे आमच्या टेकडीवरची कबर आणि कोठीतला हा महाल एकाच कथेची दोन टोके आहेत.

रेसिडेन्सीची दर्शनी ओसरी उत्तरेकडे आहे, आणि ही छायाचित्रकाराची परीक्षा. हिवाळ्यात, जेव्हा हवा स्वच्छ असते, तेव्हा सूर्य दक्षिणेला. ओसरी दिवसभर सावलीत. मार्च ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, तेव्हा सकाळी खांबांवर तिरपी तिरीप येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर मध्यान्हीचा सूर्यसुद्धा हैदराबादच्या किंचित उत्तरेला असतो. पण तेव्हा एकतर उन्हाने हवा पांढरी झालेली किंवा आभाळ भरलेले. काकांच्या पाकिटांवर जूनमधल्या सकाळच्या तारखा आहेत. एका पाकिटावर लिहिले आहे, ‘ढग, परत’. पुढच्यावर ‘ढग, परत’. तिसऱ्यावर वेळ आणि सेकंद.

त्या तिसऱ्या काचेवर पायऱ्यांच्या मध्यावर एक झाडणारी बाई आहे. 1949 पासून तिथे मुलींचे कॉलेज होते, तिथलीच ती असणार. झाडू तिने बाजूला धरला आहे आणि ती थेट भिंगात पाहते आहे. सिंह, खांब, सारे अगदी सरळ आहे, ओळंब्यात आहे. ड्राफ्ट्समनचा हात सुटलेला नाही. पण नजर जाते ती बाईवर. पाकिटावर तारखेखाली तिचे नावही आहे. काकांनी ते विचारून घेतले होते. नाव येथे देत नाही, पण ते लिहिलेले आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. चारमिनारच्या नंतरच्या काचेवर बांगडीवाला आहे, त्याचेही नाव आहे.

दीनदयाळांनी उभी केलेली माणसे कोण होती, त्यांची नावे आज कोणी सांगत नाही. फूटपट्टीला नाव कशाला?

रेसिडेन्सीचे दैव पुढे बरे निघाले. मधल्या काळात तिच्या छताला गळती लागली, खोल्या बंद पडल्या. 2002 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतले, आणि पुष्कळ वर्षांच्या डागडुजीनंतर 2024 च्या जानेवारीत ती पुन्हा लोकांना खुली झाली. आसमानगढाच्या वाट्याला असा गाजावाजा आला नाही. त्यात काही काळ बिर्लांचे पुराणवस्तूंचे संग्रहालय होते, पुढे शाळा आली. यावर नाक मुरडणारे रसिक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. ज्या वाड्यात पोरे पाढे म्हणतात त्याचे छप्पर कोणीतरी शाकारतेच.

गेल्या जानेवारीत मी ठरवले की काकांनी स्टँड लावला तिथे आपण उभे राहायचे. काकांची काच मी नुकतीच एकाकडून संपूर्ण, न कापता, छापून घेतली होती. डबा कोपऱ्यात लख्ख दिसतो. त्याच्या झाकणावर उन्हाचा ठिपका आहे. प्रिंट पिशवीत घेऊन मी आणि माझी पत्नी सकाळी सातला निघालो. शेत नाही, बाभळी नाहीत. गल्ल्या, गॅरेजे, हॉस्टेले. पडकी भिंत सापडण्याची आशा नव्हतीच. बुरुजाचा डावा कठडा आणि मधली कमान यांचे प्रिंटमधले अंतर डोळ्यांनी जुळवीत आम्ही मागेपुढे झालो, आणि जुळले तेव्हा मी एका इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढे उभा होतो. तिथून वाड्याचा एक तृतीयांश भाग दिसतो. बाकीच्यापुढे एक चारमजली घर आहे, त्याच्या गच्चीत पाण्याच्या टाक्या आहेत, आणि मागे टीव्हीचा मनोरा. तारा किती ते मोजले नाही.

लाकडी कॅमेरा मला पेलत नाही, आता गुडघे नाहीत. मी खिशातला फोन काढला. इस्त्रीवाल्याने कोळसे फुंकता फुंकता विचारले, “क्या ले रहे साब, टावर?” मी म्हटले, किल्ला. तो वळून वर पाहू लागला.

पत्नी टपरीच्या कडेला पिशवी ठेवून पदराने मान पुसत उभी होती. म्हणाली, “अहो, मी मध्ये येते का? सरकू?”

मी म्हटले, नको, तिथेच राहा. इस्त्रीवाल्यालाही म्हटले, भाई, आप भी. त्याने इस्त्री खाली ठेवली, शर्टाची बटणे लावली, आणि नाव विचारल्यावर दोनदा सांगितले, नीट लिहा म्हणून. वेळ 7 वाजून 40 मिनिटे. ऊन बरे होते. फोन वर धरावा लागला, त्यामुळे बुरूज थोडे मागे कलले आहेत.